एलियन आयसोलेशन घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायला दुकानात आलेली पोरं जाता जाता एक प्रश्न हमखास विचारतात, दादा, हॉरर गेम घ्यायची तर एलियन आयसोलेशन खरंच तेवढी भारी आहे का, की लोकं उगाच डोक्यावर घेतात? काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं म्हणून मी "घे की बे" म्हणून मोकळा होतो. पण खरं उत्तर जरा लांबडं आहे.

गेम २०१४ ची. बनवली क्रिएटिव्ह असेंब्लीनं, म्हणजे टोटल वॉर या लढाईच्या गेमवाले, तिकडं हजारो सैनिक एकमेकांवर सोडणारी ही माणसं, इथं त्यांनी बहुतेक वेळ जनावर एकच दिलं, एलियन, आणि ते काही केल्या मरत नाही. तुम्ही अमांडा रिप्ली, १९७९ च्या एलियन पिक्चरमधल्या एलेन रिप्लीची पोरगी, आईचं काय झालं ते शोधत सेवास्टोपोल नावाच्या मोडकळीला आलेल्या स्पेस स्टेशनवर पोचलेली.

आता भारी काय, तर एलियनला चालवायला गेमच्या आत दोन डोकी, म्हणजे दोन प्रोग्राम, चालतात. वरच्या डोक्याला तुम्ही कुठंयत ते कायम ठाऊक असतं, एलियनच्या स्वतःच्या डोक्याला नसतं. वरचं त्याला नुसतं सुचवतं, जरा त्या बाजूला बघून ये, आणि तो फार वेळ तुमच्या आसपास घुटमळला की परत वर व्हेंटमध्ये, म्हणजे छतातल्या हवेच्या बोगद्यात, पाठवून देतं. लपंडावात कट्ट्यावर बसलेली आजी राज्य असलेल्या पोराला डोळ्यानंच खुणावते बघा, सांगत काही नाही पण पोरगं बरोबर त्या खोलीकडं वळतं, सेम तसं. त्यात सारखं लॉकरमध्येच लपायला लागलात तर तो लॉकर धुंडाळायला लागतो. आग ओकणाऱ्या फ्लेमथ्रोअरला आधी पळतो, पुढं पुढं तेवढी भीडच ठेवत नाही.

आणि आवाज! आमचं घर शहराच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडं यंत्रमाग, दिवसरात्र खटाखट खटाखट. पहिले दोन दिवस मी स्पीकरवर खेळलो आणि म्हटलं यात घाबरण्यासारखं काय आहे? नंतर हेडफोन लावला तेव्हा कळलं की डोक्यावरच्या पत्र्यातनं तो सरपटत होता आणि मला मागाच्या खटाखटीत पत्ताच नव्हता. हातातला मोशन ट्रॅकर, म्हणजे आसपास काही हललं की दाखवणारं यंत्र, तो पण बीप करतो, तो बीप जवळ आलेल्या एलियनला ऐकू जातो. म्हणजे बघावं तरी मरण, न बघावं तरी मरण.

सगळ्यात जास्त शिव्या पडतात त्या सेव्हला, म्हणजे खेळलेलं जपून ठेवण्याला. आपोआप सहसा होत नाही, भिंतीवरच्या खोक्यात कार्ड घालायचं, एकेक करून तीन दिवे लागेपर्यंत थांबायचं, तेवढ्यात मागनं शेपटी आरपार. माझा एक मित्र पाचव्या मिशनच्या, म्हणजे पाचव्या टप्प्याच्या, हॉस्पिटलमध्ये अडकून बसला, शेवटी म्हणाला "काय बे, गेम आहे का शिक्षा", आणि गेम काढून टाकली. मी त्याला नावं ठेवत नाही. मी स्वतः मे महिन्यातल्या एका रात्री दोन दिवे लागलेले पाहिले आणि तिसऱ्याच्या आत घरची लाईट गेली. पंखा बंद, शेजारचे माग बंद, आख्खी गल्ली चिडीचूप, आणि जिन्यात पावलं वाजली. आई होती, मेणबत्ती शोधत. मी जो ओरडलो तो अजून घरात निघतो.

तरी सेव्ह हा दोष मला वाटत नाही, तो काढला तर भीतीच जाईल. दोष दुसरा आहे, लांबी. वीसेक तासांची गेम, मधे एलियन गायब होतो आणि बराच वेळ ते रबरी तोंडाचे वर्किंग जो नावाचे माणसासारखे रोबोटच सांभाळत बसायचं, मग संपली संपली वाटतं आणि अजून एक जनरेटर चालू करायला पाठवतात. माणसांचे चेहरे पण लाकडी, खऱ्या माणसापेक्षा जो बरा वाटतो. तेव्हा आयजीएन या गेमिंग वेबसाइटनं १० पैकी ५.९ च दिले होते आणि पीसी गेमर मासिकानं १०० पैकी ९३. लोकांना हे कोडं वाटतं, मला तर दोन्ही पटतात, पाचव्या मिशनला विचारलं असतं तर मीपण चारच दिले असते.

चालते मात्र मध्यम ग्राफिक्स कार्डवरही मस्त, त्यासाठी माझ्याकडनं नवं कार्ड घ्यायची गरज नाही (धंद्याचं नुकसान करून सांगतोय). सेल लागला की घ्या. हेडफोन मात्र चांगला घ्या, तो आहे दुकानात.