तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या कार्यालयात मुलांना ठेवावे का?

मुलगा किंवा मुलगी एलएलबी झाली, की रत्नागिरीतले पालक मला हमखास विचारतात, की तिला तुमच्यासारख्या नाव असलेल्या जुन्या वकिली कार्यालयात ठेवावे की सरळ मुंबईला पाठवावे. ठेवावे, असेच मी सांगतो; परंतु केवळ नावाच्या भरवशावर नव्हे.

१ एप्रिल १९५७ रोजी जमीन कसणारी कुळे मालक मानली गेली आणि पुढे कित्येक वर्षे इथल्या वकिलांचे घर कुळकायद्याच्या प्रकरणांवर चालले. ती ओसरली तेव्हा दुसऱ्या कामाची सवय नसलेले नामवंतही मागे पडले. पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींपुरता दिलेला वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या लेकींपर्यंत नेला, आणि ही दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. वाटपाचे दावे वाढले. आमची एक सहकारी, जी तोवर वरिष्ठांमागे फाइल घेऊन उभी असे, सातबाऱ्याआधी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलांच्या नोंदी, वाचत असे. आजोबांच्या वारसनोंदीत मुलगे आहेत, लेकी नाहीत, आणि त्यांना नोटीस बजावल्याची नोंदही नाही, हे ती कागदावर बोट ठेवून दाखवी. आज पक्षकार थेट तिच्या टेबलाशी येतात.

पूर्वी दुसरे अपील, म्हणजे उच्च न्यायालयातले अपील, म्हटले की फाइल मुंबईच्या वकिलाकडे जाई आणि आमचा त्या प्रकरणाशी संबंध जवळजवळ संपे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठीही सुरू झाले असल्यामुळे आंबा घाट चढून आपल्या दाव्यात आपणच उभे राहण्याची संधी तरुणांना मिळाली आहे, आणि तिचे मोल मला फार वाटते.

मात्र ही संधी येईपर्यंत टिकायचे कसे? कनिष्ठ स्तर न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली मे २०२५ मध्ये पुन्हा अनिवार्य झाल्याने कार्यालयांत ज्युनिअर वाढतील. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागातील ज्युनिअरसाठी दरमहा किमान १५,००० रुपयांची शिफारस केली. परंतु ती बंधनकारक नाही, आणि एवढे न देणारे वरिष्ठ हुशार पण गरीब घरची मुले गमावतात, हा सरळ अन्याय आहे. म्हणून कार्यालयाचे नाव पाहण्याआधी दरमहा काय देणार आणि पहिला उलटतपास कधी घेऊ देणार, हे तुम्ही स्पष्ट विचारून घ्या.