वालाशीनच्या माळावर

"इतकी सुंदर तळी सोडून या उजाड माळावर कशाला आणलंस?" देशातून इथे कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात पाहुणे आले आणि मी त्यांना वालाशीन गावी आणलं की हा प्रश्न ठरलेला. मामा, यंदा तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

डोंगराच्या कडेला ज्या मोडक्या फळ्या पाहिल्यात ना, तो पाट होता. लाकडाचा. थॉम्प्सन नदी खाली खोलात वाहते, म्हणून लांबच्या ओढ्याचं पाणी त्या पाटाने आणलं आणि इंग्लंडहून आलेल्या लोकांनी इथे सफरचंदाच्या बागा लावल्या. पाऊस जेमतेम. पाट चालू तोवर बाग.

गॉर्डन फ्लावरड्यू त्यांच्यातलाच. जन्म १८८५, इंग्लंडातल्या नॉरफकचा. १९०३ साली कॅनडात आला, आधी सॅस्कॅचेवानात शेती केली, मग इकडे. १९११ मध्ये ब्रिटिश कोलंबिया हॉर्स या घोडदळात नाव घातलं. घोडा रोजच्या कामातलाच होता, मांड वेगळी शिकावी लागली नसणार. १९१४ ला युद्ध पेटलं आणि गावातले बहुतेक तरुण गेले. तो लॉर्ड स्ट्रॅथकोनाज हॉर्स या कॅनडाच्या घोडदळाच्या पलटणीत गेला. १९१५ मध्ये त्या पलटणीला घोडे मागे ठेवून खंदकात उतरावं लागलं. पुढे ही पलटण ज्यात होती ती कॅनडाची घोडदळ ब्रिगेड आपल्या पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्सबरोबर एकाच डिव्हिजनमध्ये होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

१९१८ च्या मार्चअखेर जर्मन फौजा फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या दाराशी आल्या. ३० मार्चला मोरेयच्या रानाजवळ फ्लावरड्यूला समोर शत्रूच्या दोन फळ्या दिसल्या. प्रत्येकीत साठेक माणसं, मध्ये आणि दोन्ही टोकांना मशीनगन. त्याने एका तुकडीला पायउतार होऊन लढायला धाडलं आणि उरलेल्या तीन घेऊन तलवारी उपसून घोडे सोडले. दोन्ही फळ्या तुडवत पलीकडे गेले, वळले आणि पुन्हा त्यांच्यावरच आले. त्याच्या स्क्वाड्रनमधली, म्हणजे या सगळ्या तुकड्या मिळून, सत्तर टक्के माणसं पडली. शत्रू मात्र हटला. त्याच्या दोन्ही मांड्यांत गोळ्या होत्या, तरी तो माणसांना धीर देत राहिला. दुसऱ्या दिवशी गेला. वय ३३. व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, मरणोत्तर मिळाला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं फ्रान्सात घडलं, मग या माळावर काय? मामा, आपल्या मळ्यात पाटाची पाळी आली की आजोबा कंदील घेऊन रात्रभर बांधावर असायचे. इथल्या पाटाला तसं कुणी राहिलं नाही. तो आधीपासून गळका, त्यात डागडुजी करणारे हात युद्धावर. पुढे वादळात तो फुटला आणि १९२२ च्या सुमारास बागा संपल्या. त्या धुळीत उभी राहते तेव्हा मला घोड्यांच्या टापांआधी पाण्याचाच आवाज आठवतो, आपल्या मळ्यातला.

पुढच्या खेपेला उन्हं कलताना जाऊ. तेव्हा वाळक्या झाडांचे बुंधे नीट दिसतात, अजून ओळीत, दोरी धरून लावलेले.