अष्टमीच्या चंद्राची रात्र

खगोलप्रेमींच्या क्लबने सगळ्यांसाठी ठेवलेल्या आकाशदर्शनाला परवा जाऊन आलो. तिथी अष्टमीची बघून आधी नाक मुरडलं होतं. अमावस्या सोडून चंद्राची रात्र कशाला? पण क्लबवाल्यांचा हिशेब पक्का होता. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे आधी चंद्र आणि मग काळोख, एकाच फेरीत.

आणि चंद्र बघावा तो असाच अर्धा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या इतक्या लांब पडल्या होत्या की खोली डोळ्यांना जाणवत होती. पौर्णिमेला तिथे ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं.

दुर्बीण आठ इंची डॉबसोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, मोटर नसलेली. पृथ्वी फिरते, त्यामुळे चंद्र दोनेक मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो आणि कार्यकर्ते नळी हलकेच ढकलत राहतात. मी मात्र डोळा लावताना आधाराला नळीच धरली. चंद्र गायब! मागे वीसएक जणांची रांग. तेव्हा हात पाठीमागे बांधूनच वाका. चष्मा नुसता जवळच्या-लांबच्या नंबराचा असेल तर काढा, फोकस फिरवून भागतं. सिलिंड्रिकल नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेचा) मोठा असेल तर राहू द्या, तो फोकसने भागत नाही.

गुरूच्या रांगेत दोनदा उभा राहिलो, ते बरं केलं. आठ वाजता चार चंद्र एका ओळीत होते, गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिलेले तेच. दहा वाजता मोजले तर तीन! चौथा गुरूआड गेला होता. बहुतेक लोक एकदा बघून निघून गेले, त्यांचं हे हुकलं.

चंद्र मावळल्यावर खरी मजा. पण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि नेमकं तेव्हाच मी वेळ बघायला मोबाइल उघडला. दोन-तीन जण एकदमच ओरडले. बरोबरच होतं. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून न्या, मोबाइल खिशातच ठेवा.

मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकणारा ढग, फोटोतल्यासारखा गुलाबी दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगा. राखाडी धुरकट पिसासारखा दिसतो. त्याच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवली की पीस पसरतं, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात. तो उजेड साधारण 1300 वर्षांपूर्वी तिथून निघालेला. मी तिथे पाच मिनिटं घेतली. तोवर रांग उरलीच नव्हती.

थंडीचं म्हणाल तर चालताना पुरेल त्याच्या दुप्पट कपडे लागतात, कारण तासन्‌तास उभंच राहायचं असतं. पायमोजे जाड हवेत. आणि गाडी येतानाच तोंड बाहेर करून लावा. एक वाजता कोणीतरी रिव्हर्स घेतला आणि हेडलाइटचा झोत अख्ख्या मैदानावरून फिरला; पुन्हा वीस मिनिटं सगळे डोळे चोळत बसलो.