आमची वाटचाल : आबाजींचे पडदे

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं नाटक म्हटलं की लोक वडशाचं नाव घेतात. ते बरोबरच आहे. कंपन्यांची ऑफिसं तिथं, तारखा तिथंच पक्क्या होतात, पोळा झाला की गावोगावचे मंडळवाले तिथंच चकरा मारतात. आमचं दुकान नदीच्या या अंगाला, ब्रह्मपुरीकडे. मधे वैनगंगा. पडदे, विंगा, झालरी, दर्शनी पडदा, बांबू, पुल्या, दोर असं सगळं सीनरीचं सामान आम्ही भाड्यानं देतो आणि मागणी असेल तर नवं रंगवूनही देतो. हे काम आमच्या आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी उभं केलं. मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतो. अलीकडे काही लोक माईक हातात आला की ‘या भागात सीनरी आम्ही आणली’ असं बेधडक सांगतात, आणि ज्यांनी आबाजींना पाहिलं नाही ते टाळ्या वाजवतात.

आबाजी मूळचे दंडारीतले, म्हणजे इथल्या लोकनाट्यातले. आवाज फुटेपर्यंत लुगडं नेसून बाईचं सोंग घ्यायचे. मिशी आली, सोंग सुटलं. मग घरची धानाची बांधी थोरल्या भावाच्या हवाली करून नागपूरला गेले आणि एका पेंटरकडे सिनेमाचे बोर्ड रंगवायला लागले. आधी नुसती सुतं मारायची, म्हणजे दोरीनं सरळ रेघा आखायच्या, मग आभाळ भरायचं, मग झाडं. चेहऱ्याला मात्र उस्तादानं कधी हात लावू दिला नाही. ‘हिरो उस्तादाचा, हिरोमागचे ढग आपले,’ असं आबाजी हसत सांगायचे. मला वाटतं, आमच्या पडद्यांवर माणूस नसतो तो त्यामुळेच. रस्ता आहे, विहीर आहे, देऊळ आहे, बैल आहेत, माणूस एकही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘मानूस स्टेजवर येते ना बाप्पा, पडद्यावर कायले पायजे?’

त्यांचे वडील वारले तेव्हा आबाजी गावी परतले, ते मांजरपाटाचे तागे आणि रंगाच्या पुड्या घेऊन. नागपूर-नागभीड छोट्या लाईनीनं. ती गाडी २०१९ साली ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली तेव्हा लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले. आमच्या दुकानाचा पहिला माल त्या गाडीनं आला होता, हे फोटो काढणाऱ्यांपैकी कुणाला माहीत असणार?

पहिला पडदा दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या वऱ्हांड्यात रंगला. रस्त्याचा. डावीकडे विहीर, मधून बंडीवाट, मागं सागाची रांग आणि उजवीकडे सोडलेली बंडी, तिच्याशेजारी उभी बैलजोडी. त्यातल्या एका बैलाचं डावं शिंग मोडकं. तो आमच्या घरचाच बैल, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळताना आपटला होता. हा बैल लक्षात ठेवा. पुढचं सगळं भांडण त्याच्यावरच आहे.

या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको, पण हल्लीच्या पोरांना सरस म्हणजे काय तेच माहीत नाही, म्हणून लिहितो. रंग कापडाला धरून ठेवतो तो चिकट पदार्थ म्हणजे सरस. सरसाच्या वड्या रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी एका गंजात पाणी तापवायचं आणि त्यात दुसरं भांडं ठेवून सरस पातळ करायचा. थेट आचेवर ठेवला की करपतो आणि त्याची चिकटाई जाते. अंगठा आणि बोट त्यात बुडवून उघडझाप करायची, तार सुटली पाहिजे, पण लांबता कामा नये. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंग तडकतो. कमी पडला तर हात फिरवला की गेरू तळहाताला येतो. रंग म्हणजे गेरू, पिवडी, नीळ, काजळी आणि खडूची पूड, बाकी सगळं त्यांच्या मेळातून. ओला असतो तेव्हा रंग गडद दिसतो, वाळला की दोन पायऱ्या फिका होतो. हे ज्याच्या डोळ्यात बसलं नाही त्यानं कुंचला हातात घेऊ नये. आबाजी बारीक कामाला बाजारचे ब्रश वापरायचे, पण झाडांच्या पानांसाठी शिंदीच्या काड्या ठेचून स्वतः कुंचला बांधायचे. तसं पान अजून कुठल्याच ब्रशनं उठलेलं मी पाहिलं नाही.

आणखी एक. आभाळ ते रात्री रंगवायचे, दिवसा नाही. नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपतं, मग दिवसाच्या उजेडातला निळा घेऊन काय करायचं? गॅसबत्तीत जो निळा आभाळासारखा दिसतो तोच पिवळ्या बल्बखाली मळकट दिसतो. वीज आली तेव्हा आबाजींनी सगळी आभाळं पुन्हा रंगवली. भाडं एका रुपयानंही वाढवलं नाही, आणि मंडळवाल्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गॅसबत्तीचा विषय निघालाच आहे तर काकांबद्दल लिहिलं पाहिजे. शेजारच्या गावचे एक गृहस्थ लग्नकार्याला बत्त्या भाड्यानं द्यायचे. पहिल्या मंडईपासून, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेपासून, ते आबाजींचे पार्टनर. कागदपत्र काही नाही. एकाच बंडीत खाली पडदे, वर गवताच्या पेंढ्यात बसवलेल्या बत्त्या. नाटक चालू असताना काका स्टेजच्या कडेला बसून राहायचे, मॅण्टल काळवंडलं की प्रवेश चालू असतानाच बत्ती उतरवून हवा भरायचे आणि पुन्हा टांगायचे. करुण प्रवेशात बत्ती जरा मंदावू द्यायची आणि मारामारीत फुगवायची, ही युक्ती त्यांचीच. लाईट इफेक्ट म्हणून हल्ली त्याचे वेगळे पैसे लागतात. पैशाची वाटणी पहाटे चहाच्या टपरीवर व्हायची, निम्मे-निम्मे, आणि सुटे उरले तर ते बैलांच्या ढेपीला. जनरेटर आले तसे बत्तीला गिऱ्हाईक राहिलं नाही, तरी काका जिवंत होते तोवर आबाजींनी त्यांचा हिस्सा बंद केला नाही. भागीदारी करायची तर अशी माणसं पाहून करा. नातेवाईक पाहून करू नका.

आबाजींना छंद तीन, आणि तिन्ही आजीच्या डोक्याला ताप. पहिला पट. तळेगाव दशासरचा शंकरपट आमच्यापासून केवढा लांब, पण तिथं जाऊन यायचेच. जोड्या पाहून यायचे आणि महिनाभर त्यांच्या चालीबद्दल बोलायचे. दुसरा गरी. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर संध्याकाळी गरी टाकून बसले की घरी पाहुणा येवो की मंडळवाला, निरोप घेऊन पोरगं धावत गेलं तरी उठायचे नाहीत. ‘मासा लागू दे, मंग सांग.’ तिसरा छंद नाटकाच्या जाहिराती जमवायचा. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदांवर छापलेल्या. जिथं आमचे पडदे गेले तिथली जाहिरात ते घरी आणायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायचे : कुठला पडदा कुठं फाटला, कुणी विडी टेकवली, कुठल्या गावात स्टेज बुटकं, कुठल्या गावच्या अध्यक्षानं भाडं बुडवलं. खालच्या कोपऱ्यात त्या वेळच्या रंगाचं माप. हे कागद सुतळीत ओवून एक जाडजूड वही झाली होती, आणि ती माळ्यावर असायची. आजी म्हणायची, हे रद्दीत द्या. बरं झालं कुणी दिली नाही.

बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळात टेम्पो आला, ऐतिहासिक नाटकं कमी होऊन घरगुती नाटकं वाढली, राजवाडा कमी आणि दिवाणखाना जास्त जायला लागला. चांगली वर्षं होती. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खरी कहाणी त्या माणसापासून सुरू होते. नाव घेणार नाही, आमच्या भागात ते सगळ्यांना माहीतच आहे. पोरगा होता तेव्हा आमच्याकडे सरस ढवळायला आला. आजीनं त्याला आमच्या पंगतीत जेवू घातलं. आबाजींनी त्याला सूत मारायला शिकवलं, झाड शिकवलं, आणि जे उस्तादानं त्यांना दिलं नव्हतं तेही दिलं, म्हणजे अख्खा पडदा एकट्यानं रंगवायला दिला. आबाजी गेल्यावर तो स्वतंत्र झाला. त्याबद्दल तक्रार नाही, प्रत्येकालाच पोट आहे. पण एका दुपारी तो चांगला कॅमेरा घेऊन आला, ‘आबाजींची आठवण म्हणून’ सगळे पडदे अंगणात पसरून फोटो काढून घेतले, आईच्या हातचा चहा पिऊन गेला. पुढच्या मंडईत त्याचे फ्लेक्सचे पडदे लागले. रस्ता आमचा, विहीर आमची, सागाची रांग आमची. आणि उजव्या बाजूला मोडक्या शिंगाचा बैल. निदान ते शिंग तरी जोडायचं!

भाडं आमच्या निम्मं. मंडळवाले तिकडे वळले. त्यांनाही दोष देत नाही, पण ज्यांना कळायला हवं त्यांना सांगतो. फ्लेक्स चकाकतो. लाईट मारला की मधोमध पांढरा डाग पडतो, आणि त्याच्यासमोर नटाचा चेहरा काळा दिसतो. घडी घातली की घडीवर पांढरी रेघ येते ती कायमची. पहाटेचा वारा सुटला की असा फडफडतो की प्रॉम्प्टरचा आवाज नटापर्यंत जात नाही. मांजरपाट उजेड पिऊन टाकतो, म्हणून तर त्यावर रस्ता खोल दिसतो. निम्म्या भाड्यात निम्मं नाटक दिसणार.

त्यात मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या. बाहेरच्यांना याचा नाटकाशी काय संबंध असं वाटेल. आमच्याकडे दिवसा पट आणि रात्री नाटक. पटाला पाहुणे येतात, मुक्काम करतात, म्हणून रात्री तिकीट खपतं. संक्रांतीनंतरच्या आमच्या निम्म्याहून जास्त तारखा पटाच्या गावच्या होत्या. बऱ्याच गावांनी पटाबरोबर नाटकही सोडलं. परवानगी परत मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. मधली वर्षं कुणी भरून देत नाही.

तरीही आम्ही तग धरून होतो. २०२० साल उजाडलं. कोरोना होताच, यंदा सीझन नाही हे जवळपास ठरलेलं. ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात धो धो पाऊस, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, इकडे गोसीखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडले आणि वैनगंगा गावात आली. आम्ही माणसं आणि ढोरं उंचावर नेली. गोदामात छातीभर पाणी होतं.

तेलरंगाचा पडदा भिजला तर वाळतो. सरसाचा पडदा भिजला की संपला. सरस पाण्यात विरघळतो आणि रंगाला सोडून देतो. पाणी ओसरल्यावर आम्ही गुंडाळ्या उलगडायला लागलो तर आतून गढूळ पाणी गळत होतं, आधी तांबूस, मग निळसर. राजवाडा, जंगल, तुरुंग, झोपडी, सगळ्यांचा मिळून एकच चिखलाचा रंग. आबाजींचा पहिला रस्ता आम्ही अंगणात बांबूवर टाकला. विहीर होती तिथं गेरूचा ओघळ होता. बैल गेला होता. पंचनामा झाला, त्यात ‘जुने कापड’ असं लिहिलं गेलं. मी त्या साहेबांना पडदा म्हणजे काय ते समजावत होतो, ते पुढच्या घराकडे निघाले होते.

आठवड्याभरात त्या माणसाचा निरोप आला. दुकान त्याला द्यावं, नाव आमचंच राहील. वर असंही म्हणाला की आबाजींचे पडदे आता माझ्याकडेच तर उरलेत. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

दुसरा माणूस आला तो मास्तर. नदीपलीकडच्या एका गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष, आता रिटायर. फ्लेक्सच्या लाटेतही त्यांनी कधी दुसऱ्याचा पडदा लावला नाही. मोटारसायकलवर येऊन बसले, चिखल पाहिला, आणि पूर्ण सीझनचं भाडं ओट्यावर ठेवलं. मी म्हटलं, मास्तर, यंदा नाटकच नाही. तर म्हणाले, ‘नाटक नाई तं नाई. तुमी रंगवायले लागा. पुढच्या मंडईले मले रस्ता पायजे, बैलासकट.’ पैसे मंडळाचे नव्हते, त्यांच्या पेन्शनचे होते, हे नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं.

माळ्यावरची वही कोरडी होती. जाहिरातींच्या पाठीमागची मापं वाचत बाबूजी सरस बघायचे आणि मी सूत मारायचो. आमच्या पोरीनं चित्रकलेची परीक्षा दिली होती, तिनं झाडं घेतली. शिंदीचा कुंचला तिला माझ्यापेक्षा चांगला बांधता येतो. आभाळ रात्रीच रंगवलं, पण एलईडी लावून, कारण आता स्टेजवर तोच उजेड असतो. त्यासाठी निळीचं माप बदलावं लागलं, ते आम्ही वहीत आबाजींच्या मापाखाली लिहून ठेवलं. मास्तरांच्या गावी पडदा वर गेला तेव्हा नव्या रस्त्यावर बैलजोडी होती, आणि शिंग मोडकंच ठेवलं होतं.

२०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीनं आनंद केला, आम्हीही पेढे वाटले. नटाला मान मिळायलाच हवा. मंडप उभारणाऱ्याला, प्रॉम्प्टरला, पडदेवाल्याला कुणी काही देणार नाही, तशी आमची अपेक्षाही नाही. फक्त भाषणं करणाऱ्यांनी एकदा दोन्ही बैल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. फ्लेक्सवरच्या बैलाच्या मागच्या पायाशी आबाजींची सही पुसल्याचा चौकोनी डाग अजून दिसतो.

यंदाच्या तारखा पोळ्यापासून घेतो. रस्ता, जंगल, दिवाणखाना, झोपडी आणि देऊळ तयार आहेत, राजवाडा दिवाळीपर्यंत होईल. पडदा नेताना गुंडाळूनच न्यावा, घडी घालू नये. मंडपात विडी-सिगारेट चालू असेल तर आमचा माणूस पडदा उतरवून घेईल, अध्यक्ष कोणीही असोत. दव पडल्यावर लगेच गुंडाळू नका, ऊन येऊ द्या. ओला पडदा परत आला तर अनामत मिळणार नाही.