आमामी बेटावरचे शेवटचे मुंगूस

टोकियोहून विमानाने अडीच तासांत आमामी ओशिमा येते. प्रवाळाचा समुद्र, उसाची शेते, काळ्या गुळापासून गाळलेली दारू आणि भातावर कोंबडीचा गरम रस्सा ओतून खायचे ‘केइहान’ हे सारे तिथे आहे आणि सारे चांगलेच आहे. पण बाबांना घेऊन मी तिथे गेले ती एका सशासाठी, आणि परतल्यावर आमच्या घरात वाद रंगतो तो मात्र मुंगसावरून. त्या बेटावर मुंगूस आता एकही उरलेले नाही.

हा ससा जगात आमामी आणि शेजारचे तोकुनोशिमा या दोनच बेटांवर आढळतो. त्याला पाहायला सांतारो घाटात रात्री गाडी न्यायची, तर आधी नाव नोंदवावे लागते आणि गाडी ताशी दहा किलोमीटरच्या वर न्यायची नसते. साताऱ्याकडच्या रस्त्यांवर उभी हयात काढलेले बाबा पहिल्याच वळणावर म्हणाले, “यापेक्षा आपली बैलगाडी पळते गं.” वाटाड्याने दिव्याच्या उजेडात डांबरावरच्या गोल, तपकिरी लेंड्या दाखवल्या आणि पुढच्याच वळणावर ससा बसलेला दिसला. ससा म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे जे येते त्यातले यात फारसे काही नाही. अंग काळपट, कान आखूड, डोळे बारीक आणि नख्या माती उकरणाऱ्या जनावराच्या. याची मादी पिल्लासाठी वेगळे बीळ खणते, पिल्लाला पाजून बिळाचे तोंड मातीने लिंपून टाकते, आणि एखाद-दुसऱ्या रात्रीआड येऊन ते उकरून पुन्हा पाजते. या बेटावर माणूस येण्याआधी मांस खाणारा सस्तन प्राणीच नव्हता. पिल्लांचा वैरी होता तो हाबू नावाचा विषारी साप, आणि मातीचा हा बांध त्याच्यापुरता पुरेसा होता.

हाबूची भीती माणसांनाही होती, आणि तिच्यापोटीच 1979 साली ओकिनावातून आणलेली तीसेक मुंगसे इथे सोडण्यात आली. ओकिनावात ती 1910 मध्ये थेट गंगेच्या मुखाकडून आली होती. आपल्या शेतात दिसते त्याहून ही जात लहान, पण बियाणे भारतातलेच. हिशेब असा होता की मुंगूस सापाला खाईल. पण मुंगूस हिंडते दिवसा आणि हाबू बाहेर पडतो रात्री, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडली. आणि दिवसा बिळात निजलेले ससे, काटेरी केसांचे उंदीर, बेडूक, जमिनीवर वावरणारे पक्षी हे आयते भक्ष्य मुंगसाला मिळाले. 2000 सालच्या सुमारास त्यांची संख्या दहा हजारांवर गेल्याचा अंदाज होता.

वाटाड्याने आपल्याजवळचा एक जुना सापळा बाबांच्या हातात दिला. साधी प्लास्टिकची नळी. आत आमिष असते आणि ते ओढताच फास आवळतो. बाबांनी तो फिरवून पाहिला, फासात स्वतःचे बोट घालून पाहिले आणि काही न बोलता परत केला. असे जवळपास तीस हजार सापळे डोंगरभर मांडलेले होते. सुरुवातीला मुंगसामागे बक्षीस मिळत असे. पण जनावरे विरळ होत गेली तशी दिवसभर रान तुडवूनही हाती काही लागेना, आणि बक्षिसासाठी धरणारे कमी झाले. म्हणून 2005 मध्ये ‘आमामी मुंगूस बस्टर्स’ हे पगारी पथक उभे राहिले. माझ्या मते सारे यश या एका निर्णयात आहे, कारण शेवटची शंभर मुंगसे शोधणे हे पहिली दहा हजार धरण्याहून अवघड काम होते, आणि ते हाबू असलेल्या रानात, पायी, वास काढणारी कुत्री आणि स्वयंचलित कॅमेरे घेऊन वर्षानुवर्षे करावे लागले. शेवटचे मुंगूस एप्रिल 2018 मध्ये सापडले. त्यानंतरही सहा वर्षे पहारा ठेवून, 3 सप्टेंबर 2024 रोजी जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर केले.

हॉटेलात आल्यावर बाबांचा राग बाहेर पडला. “आणले यांनी, सोडले यांनी, आणि मारलेही यांनीच. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा?” ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ’ असे ओरडत बांधावरून धावलेल्या माणसाचा हा प्रश्न होता, आणि मीही त्याच बांधावर वाढलेली असल्याने तो मला लागला. गुन्हा काहीच नाही, हे मला मान्य आहे. तरीही सापळे लावणाऱ्यांच्याच बाजूने मी उभी राहीन. मुंगूस आपल्याकडे साऱ्या देशभर आहे; या सशाला तिसरे बेट नाही. शिवाय मुंगसे घटली तसा ससा डोंगरात पुन्हा वाढला, इतका की आता तो गाड्यांखाली येऊ लागला आहे, आणि ज्या वेगमर्यादेवर आम्ही वैतागलो होतो तिचे कारण तेच आहे.

बाबांना हे पटले नाही, आणि परतीच्या विमानात त्यांना नवा मुद्दा सापडला. रानात शिरलेली मांजरेही सशांवर ताव मारतात, म्हणून 2018 पासून तीही पकडली जातात. पण पकडलेल्या मांजरासाठी आधी पाळणारे घर शोधतात. “म्हणजे मांजराला घर आणि मुंगसाला फास?” हो, बाबा, तसेच आहे. जपानच्या परकीय प्रजातींच्या कायद्यात मुंगूस घरी पाळायलाच बंदी आहे, त्यामुळे कोणी दयाळू माणूस पुढे आला असता तरी त्याला ते देता आले नसते. हे मी त्यांना सांगितले, तर ते म्हणाले, “मग तो कायदा 1979 मध्ये करायचा होता.”