सीफर्ड ते ईस्टबोर्न: पांढऱ्या कड्यांवरची दिवसभराची चाल आणि दोन दीपगृहं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समध्ये, सीफर्डपासून ईस्टबोर्नपर्यंत समुद्राच्या कडेकडेने साधारण २२ किलोमीटरची पायवाट आहे. सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे, बीची हेड आणि दोन दीपगृहं या एकाच वाटेवर भेटतात. लंडनहून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं. आधीच सांगून ठेवतो, दोन्ही दीपगृहं बाहेरूनच बघायची आहेत. त्यांतल्या बेल टूटमध्ये आता राहण्याच्या खोल्या आहेत आणि आत प्रवेश तिथे उतरलेल्यांनाच मिळतो. बीची हेडचं दीपगृह समुद्रात उभं आहे. तरीही जावं, कारण ही दोन दीपगृहं अशी का आणि कुठे उभी आहेत हे कळलं की हा सगळा किनारा उलगडतो.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे सीफर्ड ते ईस्टबोर्न अशीच ठेवा. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे तो पाठीशी राहतो. उलट निघालात तर कड्यांवर दिवसभर तोंडावर वारा घ्यावा लागतो आणि शेवटच्या तासात माणूस मेटाकुटीला येतो. दुसरं म्हणजे दुपारनंतर ऊन पाठीमागून येतं आणि समोरचे कडे उजळतात. आणि ईस्टबोर्नहून लंडन व्हिक्टोरियाला थेट गाडी मिळते, थकलेल्या पायांना ती बरी. सीफर्डला जाताना मात्र लुईसला गाडी बदलावी लागते. दोन्हीकडून प्रवास दीड तासाच्या आसपास. सीफर्डचं परतीचं तिकीट ईस्टबोर्नहून चालेलच असं गृहीत धरू नका, घेतानाच विचारून घ्या. स्वतःची गाडी सीफर्डला लावली असेल तर ईस्टबोर्नहून १२ नंबरची बस परत आणते. इंग्लंडमध्ये २०२५च्या सुरुवातीपासून बसच्या एकेरी भाड्याला ३ पौंडांची कमाल मर्यादा आहे, ती अजून लागू आहे का तेवढं बघून घ्या.

साडेनऊला सीफर्ड सोडलं तर बाराच्या सुमारास एक्सीटचा पूल, अडीचला बर्लिंग गॅप, सव्वाचारला बीची हेड आणि सहाच्या आत ईस्टबोर्न, असा हिशेब बसतो. यात खाणं आणि थांबणं धरलं आहे. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात पूर्ण वाटेचा हट्ट नको. १२ नंबरच्या बसने थेट एक्सीटला उतरून तिथून सुरुवात करावी. दीपगृहं दोन्ही त्या पुढच्याच टप्प्यात आहेत.

निघण्यापूर्वी जवळच्या न्यूहेवन बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात सुमारे ६ मीटरचा फरक पडतो. तक्ता ग्रीनिच वेळेत छापलेला असेल तर मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात एक तास मिळवायचा. हे विसरणारे बरेच असतात आणि हिशेब तासभर आधीचा धरला जातो: पाणी अजून चढत असताना ते उतरायला लागलं असं समजून लोक किनाऱ्यावर पुढे जातात, तर कधी ओहोटी संपलीच नसताना परत फिरतात आणि पुढच्या वेळी तक्त्यावर विश्वासच ठेवत नाहीत.

सीफर्डच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे चालत राहिलं की गोट्यांचा किनारा संपतो आणि गोल्फच्या मैदानाच्या कडेने सीफर्ड हेडचा चढ लागतो. पहिला चढ हाच, आणि घाई सगळे इथेच करतात. पुढे होप गॅपला पायऱ्या खाली उतरतात. ओहोटी असेल तर खडकांमधल्या डबक्यांत खेकडे आणि शेवाळ बघत अर्धा तास सहज जातो. तिथून पायथ्यापायथ्याने पुढे मात्र जाऊ नका, आल्या पायऱ्यांनीच वर या. थोड्याच अंतरावर तटरक्षकांची जुनी घरं आणि त्यांच्यामागे सेव्हन सिस्टर्सची ओळ दिसते. कॅलेंडरांवर छापतात ते चित्र हेच.

आता ककमिअर नदी. मुखाशी पूल नाही. ओहोटीला पाणी उथळ दिसतं, पलीकडचा किनारा हाकेच्या अंतरावर वाटतो आणि बूट हातात घेऊन लोक उतरतात. प्रवाह जोराचा असतो, खाली चिखल आणि निसटते गोटे, आणि पाणी वाढायला लागलं की फार पटकन वाढतं. नदीकाठाने दोन किलोमीटर आत जाऊन एक्सीटच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि दुसऱ्या काठाने पुन्हा समुद्राकडे यायचं. चार किलोमीटरचा वळसा होतो, पण सपाट आहे आणि पायांना विसावा देतो. उजवीकडे नागमोडी वळणं दिसतात, ती आता नदी नव्हे. १९व्या शतकाच्या मध्यात सरळ कालवा खणून नदीचं पाणी त्यातून वळवलं गेलं, वळणांमध्ये राहिलंय ते जवळजवळ उभं पाणी. एक्सीटला स्वच्छतागृह आहे. पाणी इथेच भरून घ्या, कारण बर्लिंग गॅपपर्यंत नळ नाही आणि सावलीला झाडही नाही. माणशी २ लिटर धरा. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि पांढरा कडा ते उलटून अंगावर टाकतो, संध्याकाळी मान भाजल्याचं कळतं.

सेव्हन सिस्टर्स म्हणजे सात टेकड्या, पश्चिमेकडची हेवन ब्रो सगळ्यांत उंच, ७७ मीटर. चढ लांब नाहीत, उभे आहेत, आणि एक संपला की लगेच उतार. पाच झाल्या की सहा, असा मोजण्याचा घोळ सगळ्यांचा होतो. मोजू नका, एकसारख्या संथ चालीने जा. मधल्या दऱ्या कोरड्या आहेत, त्यांत ओढा नाही. हिमयुगात जमीन गोठलेली असताना पाणी खडूच्या खडकात मुरू शकलं नाही, वरून वाहिलं आणि त्याने या दऱ्या कोरल्या. पुढे समुद्राने त्यांची तोंडं कापून काढली, म्हणून त्या अशा अधांतरी संपतात.

पावसानंतर इथला खडू साबणासारखा होतो. बुटाच्या तळाच्या खाचा पांढऱ्या लगद्याने भरतात आणि मग कितीही चांगला सोल असो, पकड राहत नाही. चढाआधी तळ गवतावर घासून घ्या आणि उतारावर उघड्या पांढऱ्या पट्ट्याऐवजी शेजारच्या गवतावरून चाला. चालण्याची काठी असेल तर ती उतरताना जास्त कामाला येते.

कड्याच्या कडेपासून निदान ५ मीटर आत राहा. वरून बघितलं तर हिरवळ सलग दिसते. लाटा पायथा पोखरतात, वरचा भाग पुढे झुकतो आणि कडेला समांतर भेगा पडतात. गवताच्या मुळांची जाळी या भेगा झाकून ठेवते. कित्येक ठिकाणी त्या हिरवळीखाली हातभर मातीपलीकडे काही नसतं, आणि वर उभ्या माणसाला ते दिसण्याचा मार्गच नाही. पाऊस नसला तरी कडे कोसळतात. फोटोसाठी पाय खाली सोडून बसलेले लोक दिसले म्हणून जागा भक्कम ठरत नाही. कोणी अडचणीत दिसलं तर स्वतः उतरू नका, ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागा.

बर्लिंग गॅपला खाणं, स्वच्छतागृह आणि किनाऱ्यावर उतरायचा जिना आहे. कडा ढासळला की जिना बंद ठेवतात, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नका. कडा इथे सरासरी वर्षाला अर्ध्या मीटरच्या आसपास मागे सरकतो. सरकत नाही, तुकड्या-तुकड्याने पडतो. खाली उतरलात तर कड्याला टेकून बसू नका. दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर वर यायला वाट नाही, म्हणून जिन्याच्या टप्प्यातच राहा.

जिन्यापासून पूर्वेला चढलं की बेल टूट. १८३४ साली ते पेटलं. त्याची जागा विचार करून ठरवलेली होती: जहाज किनाऱ्याच्या फार जवळ आलं की कड्याची कड आड येऊन दिवा दिसेनासा व्हायचा आणि खलाशाला कळायचं की आपण धोक्यात आहोत. कडा मागे सरकत गेला तसा हा हिशेब चुकला आणि जवळूनही दिवा दिसू लागला. त्यात धुक्यात उंचावरचा दिवा ढगात बुडायचा. १९०२ साली तो बंद झाला. पुढे कडा इमारतीच्याच पायाशी आला, तेव्हा १९९९च्या मार्चमध्ये सुमारे ८५० टनांची ती सगळी वास्तू हायड्रॉलिक जॅकांनी उचलून, ग्रीस लावलेल्या तुळयांवरून १७ मीटर आत सरकवली. पायवाट इमारतीला वळसा घालते. भिंतीला लागून समुद्राकडे जाऊ नका, कडा तिथे अगदी जवळ आहे.

बदली दीपगृह म्हणून कड्याच्या पायथ्यापासून १६५ मीटर आत, समुद्रात, ४३ मीटर उंचीचा बीची हेडचा मनोरा १९०२ सालीच सुरू झाला. कॉर्निश ग्रॅनाइटचे दगड कड्यावरून दोराच्या पाळण्याने खाली उतरवले होते. लाल-पांढरे पट्टे दिवसा खूण म्हणून आहेत. १९८३पासून तिथे माणूस राहत नाही.

तो बघायची योग्य जागा कुठली, यात बहुतेक जण चुकतात. बीची हेडच्या माथ्यावर, १६२ मीटरवर, मनोरा कड्याच्या आड जातो आणि बघण्यासाठी लोक कडेकडे सरकतात. त्याची गरज नाही. बेल टूट मागे टाकून जो खोलगट उतार लागतो, तिथून पुढे चढायला लागलं की सुरक्षित अंतरावरून अख्खा मनोरा आणि मागचा कडा एकत्र दिसतो. फोटो तिथेच काढा. ओहोटीला खालून मनोऱ्यापर्यंत चालत जाणारे असतात, निसरड्या खडकांवरून आणि परतीला पाण्याशी शर्यत लावून. आमचं ठाम मत, तो नाद नको.

माथ्यावरून ईस्टबोर्नचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो. १३एक्स नंबरची बस बर्लिंग गॅप आणि बीची हेडवरून जाते, पण ती वर्षभर रोज धावत नाही, वेळापत्रक आधी बघा. जुन्या माहितीत क्षितिजावर रॉयल सॉव्हरिन दीपगृह दिसेल असं लिहिलेलं असतं. ते २०२२ साली बंद झालं आणि पुढच्या वर्षी समुद्रातून काढून टाकलं, शोधत बसू नका. शरद ऋतूत अंधार लवकर पडतो, तेव्हा डोक्याला लावायची विजेरी घेऊन तासभर जास्त थांबलात तर खालचा मनोरा पेटलेला दिसतो. दोन पांढरे झोत, मग काळोख, वीस सेकंदांनी पुन्हा दोन.