स्पिती: शाळिग्रामाचा डोंगर आणि दुपारचा नाला

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात, लांगझा गावाच्या उतारावर एका पोराने खिशातून काळा दगड काढून माझ्या तळहातावर ठेवला. गोगलगायीसारखं वेटोळं आणि त्यावर बारीक कंगोरे. मी म्हणालो, "अरे, हा तर शाळिग्राम!" आजीच्या देवघरात तुळशीचं पान वाहिलेला अगदी असाच होता. तो गंडकीतला, हा स्पितीतला, पण जात एकच. दोन्ही अमोनाइट, टेथिस समुद्रातल्या जिवांचे जीवाश्म. भारताचं भूखंड आशियाला धडकलं तेव्हा त्या समुद्राचा तळ वर उचलला गेला, आणि आता तो ४,४०० मीटरवर चाऊ चाऊ कांग निल्दा शिखराच्या पायथ्याशी पसरला आहे. पोरगं शंभर रुपये मागत होतं. दगड परत दिला आणि सॅकमधली चिक्की त्याच्या हातावर ठेवली. तुम्हीही विकत घेऊ नका, उचलूही नका. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर पोरं उद्या आणखी उकरणार.

आम्ही चौघं सप्टेंबरच्या मध्यात गेलो होतो. माझं गाव माण तालुक्यात, त्यामुळे पर्जन्यछाया म्हणजे काय हे मला शिकवावं लागत नाही. सह्याद्री ढग अडवतो आणि आमच्याकडे टँकर येतात. स्पितीत तेच काम पीर पंजालच्या आणि हिमालयाच्या रांगा करतात. फरक एवढाच की इथलं पाणी ढगातून नाही, बर्फातून येतं. वरून कूल, म्हणजे पाण्याचा पाट, काढून ते शेतात आणतात. तपकिरी, राखाडी डोंगरांच्या मधोमध मटाराची हिरवी पट्टी दिसली की समजायचं, कूल तिथवर पोचली आहे.

जायचं तर सिमल्याच्या बाजूने जा, हे मी सगळ्यांना हट्टाने सांगतो. मनालीहून अटल बोगद्यामुळे झटपट पोचता येतं, तीच तर अडचण आहे. स्पितीचं मुख्य गाव काझा साधारण ३,७०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. सिमला, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत गेलात की शरीराला विरळ हवेची सवडीने सवय होते. आमच्यातला एकजण तरी "मला काही होत नाही" म्हणत काझाला पोचल्या दिवशीच 'की' नावाच्या गोम्पाच्या (बौद्ध मठाच्या) वरची टेकडी चढला आणि रात्रभर डोकं धरून बसला. पहिल्या दिवशी नुसतं बाजारात फिरा, भरपूर पाणी प्या, थुक्पा (शेवयांचं गरम सूप) खा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी. डोकेदुखी वाढत गेली किंवा तोल जायला लागला तर वाट बघू नका, सरळ खाली उतरा.

नाकोचा तलाव छान आहे, पण त्यासाठी मुद्दाम दिवस घालवू नका. वेळ द्यायचा तो धनकरला. गोम्पापासून तासाभराच्या चढावर तलाव आहे, पण मला त्याहून भावलं खालचं दृश्य. पाण्या-वाऱ्याने कोरलेले मातीचे सुळके आणि त्यांच्या खाली पिन नदी स्पितीला मिळते ती जागा. सकाळी नवाच्या आत पोचा. दुपारी वारा सुटतो आणि दातांत वाळू येते. पिन खोऱ्यात आयबेक्स (रानबकरे) दिसतील या आशेने आम्ही दुर्बीण नेली होती. दिसली ती मेंढरं.

काझात पेट्रोलची टाकी भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. रेंज येते-जाते, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

चंद्रताल तलाव शेवटी ठेवा. कुंझुम खिंड ओलांडली की फाटा लागतो. उंची ४,२५० मीटरच्या वर, म्हणून आधी काझात दोन-तीन रात्री काढलेल्या बऱ्या. तंबू काठावर लावू देत नाहीत, ते दूर आहेत. २००५पासून हे रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. गाडी सोडल्यावर उरलेलं अंतर चालायचं. संध्याकाळी पाणी निळं, मग जांभळट, आणि ऊन गेल्याक्षणी थंडी अशी झोंबते की मोजे दोन घातले तरी पाय गार.

तिथेच आमचं चुकलं. चालक आदल्या रात्री बजावत होता, "सुबह पाँच बजे निकलेंगे." आम्ही फोटोंच्या नादात अकरा वाजवले. तिथून मनालीकडे निघालं की बातलच्या पुढे रस्ता असा नाहीच, नदीपात्रातले गोटे आहेत आणि मधे नाले. रात्री बर्फ गोठलेला असतो म्हणून पहाटे नाल्यात घोटाभर पाणी. दिवसभराच्या उन्हाने वितळलं की दुपारी तेच गुडघ्यावर येतं. आमची गाडी बरोबर मधोमध रुतली. पँट वर करून उतरलो, तर पाणी इतकं गार की दोन मिनिटांत पावलं आहेत की नाहीत कळेना. पलीकडून आलेल्या ट्रकवाल्याने दोर लावून ओढलं, पैसे घेतले नाहीत, फक्त आमच्या घड्याळाकडे बोट दाखवून हसला.